कुणाला विचारलंस?

नेट चालू आहे. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आहेत, बातम्यांची साइट उघडते, व्हिडिओ न अडखळता चालतो. हाकेच्या अंतरावर ठेवलेलं यंत्र मात्र सापडत नाही. समुद्रापलीकडच्या सर्व्हरचं नाव लॅपटॉपला डोळ्याचं पातं लवायच्या आत कळतं आणि शेजारच्या टेबलावरच्याचं कळत नाही. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून चालू करतात. कधी त्याने जमतंही. पण काय बिघडलं होतं ते कळलेलं नसतं, म्हणून काही दिवसांनी तेच पुन्हा समोर येतं.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं संगणकाचं काम मी हौसेने पाहतो. तिथे जुने दिवाळी अंक स्कॅन करून एका जुन्या डेस्कटॉपवर ठेवले आहेत. त्यावर लिनक्स आहे आणि त्याचं नाव आहे दप्तर. वाचकांच्या टेबलावर देणगीत मिळालेले लॅपटॉप असतात. ब्राउझरमध्ये ‘दप्तर डॉट लोकल’ लिहिलं की अंकांची यादी उघडते. पावसाळ्यात बाहेरचं नेट गेलं तरी ती उघडते, कारण अंक खोलीतच आहेत आणि वाचणाराही खोलीतच. मला या मांडणीचा अभिमान आहे. छोट्या जागेचं स्वतःचं नेटवर्क स्वतःच्या पायावर उभं राहावं, त्याला आपल्याच खोलीतलं यंत्र शोधण्यासाठी जगाची परवानगी लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग वाचनालयातला राउटर बदलला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल ताईंचा फोन आला. “दादा, परवापर्यंत चालत होतं हो. आता एका लॅपटॉपवर उघडतं, बाकीच्यांवर नाही.”

“ताई, बाकीच्यांवर नेमकं काय दिसतं?”

“एकावर नुसतं गोल फिरत राहतं. एकावर लगेच सांगतं, सापडलं नाही म्हणून. तिसऱ्याचं बघते थांबा.”

फिरत राहणं आणि लगेच नाही म्हणणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गोल फिरतं तेव्हा लॅपटॉपला काहीतरी पत्ता मिळालेला असतो आणि तो तिथे दार वाजवत उभा असतो. झटक्यात नकार येतो तेव्हा पत्ताच मिळालेला नसतो. दुरुस्ती करणाऱ्याने हा फरक फोनवरच विचारून घ्यावा.

वाचनालयात गेल्यावर पहिलं काम नाव बाजूला ठेवण्याचं. दप्तरवर त्याचा आयपी पत्ता पाहिला, १९२.१६८.१.३४, आणि प्रत्येक लॅपटॉपवर नावाऐवजी ते आकडे टाकले. ज्या दोन लॅपटॉपवर नावाने उघडत नव्हतं, तिथे आकड्यांनी लगेच उघडलं. म्हणजे वायफाय ठीक, वेब सर्व्हर ठीक, रस्ता मोकळा; हरवलं आहे ते फक्त नाव. तिसऱ्या लॅपटॉपवर आकड्यांनीही उघडलं नाही. त्याचा प्रश्न नावाचा नव्हताच. तो नव्या राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडला गेला होता आणि त्या वायफायवर यंत्रांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही, फक्त बाहेरच्या नेटवर जाऊ दिलं जातं. कॅफेत किंवा लॉजमध्ये ही सोय चांगलीच आहे, अनोळखी लोकांचे लॅपटॉप एकमेकांना दिसू नयेत. इथे मात्र तीच आड येत होती. त्याला योग्य वायफायवर आणलं आणि तो लागला कामाला.

उरले दोन. इथून पुढचं काम मला सगळ्यात आवडतं.

नाव सापडत नाही तेव्हा आपण लॅपटॉपला विचारतो, ‘का नाही सापडलं?’ त्याला याचं उत्तर देता येत नाही. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ‘कुणाला विचारलंस?’ कारण लोकल नेटवर्कवर नावं सांगणारा कुणी एक नसतो. तीन-चार जण असतात, त्यांना एकमेकांची खबर नसते आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं खरंच सांगतो.

यातला सगळ्यात जुना म्हणजे होस्ट्स नावाची साधी मजकुराची फाईल. आयपी पत्ता, त्यापुढे नाव, एका ओळीत एक जोडी. लिनक्स आणि मॅकवर ती ईटीसी फोल्डरमध्ये असते, विंडोजमध्ये सिस्टिम ३२ च्या आत ड्रायव्हर्समध्ये, आणि तिथेही फोल्डरचं नाव ईटीसीच आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कच्या काळात सगळ्या यंत्रांची मिळून अशी एकच फाईल होती. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर होतं. तिथे एलिझाबेथ फाइनलर, ज्यांना सगळे जेक म्हणत, आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळत. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते ओळ वाढवणार, आणि बाकीच्यांनी ताजी फाईल अधूनमधून आपापल्या यंत्रावर उतरवून घ्यायची. कोणत्या यंत्राला काय म्हणायचं हे एका खोलीतल्या माणसांना ठाऊक होतं. त्यांच्या कष्टांबद्दल मला फार आदर वाटतो. यंत्रं वाढत गेली तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यादी एका जागी न ठेवता वाटून द्यायची, ज्याचं क्षेत्र त्याने आपली नावं सांभाळायची. १९८७ मध्ये तिचे सुधारित नियम आले आणि आजही त्याच पायावर इंटरनेटची नावं चालतात.

पण जुनी फाईल गेली नाही. ती प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे आणि तिलाच सहसा पहिला मान असतो.

गोल फिरत राहणाऱ्या लॅपटॉपचं दुखणं तिथेच होतं. टर्मिनलमध्ये ‘गेटएन्ट होस्ट्स’ या कमांडने दप्तर डॉट लोकलचा पत्ता विचारला. क्षणात उत्तर आलं, १९२.१६८.१.७. उत्तर आलं, पण चुकीचं. मग तोच प्रश्न ‘अवाही-रिझॉल्व्ह’ला विचारला, जो ही फाईल न बघता थेट खोलीतल्या यंत्रांनाच विचारतो, तर ३४. एकाच लॅपटॉपवर, एकाच नावाची दोन उत्तरं! होस्ट्स फाईल उघडली तर शेवटच्या ओळीत दप्तर आणि त्याचा जुना पत्ता. कुणीतरी कधीतरी मदत म्हणून ती ओळ घातली असणार आणि त्या दिवशी ती बरोबरच होती. जुना राउटर दप्तरला ७ नंबर देत होता. नव्याने ३४ दिला. ती ओळ काढली आणि लॅपटॉपने पुढच्याला विचारायला सुरुवात केली.

कुणाला आधी आणि कुणाला नंतर विचारायचं, हे लिनक्समध्ये ‘एनएसस्विच’ नावाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. त्यात होस्ट्सची एक ओळ असते. उबुंटूच्या डेस्कटॉपवर ती साधारण अशी वाचता येते: आधी फाईल्स, म्हणजे होस्ट्स फाईल, मग एमडीएनएस, म्हणजे खोलीतल्या यंत्रांनाच थेट विचारण्याची पद्धत, आणि तिथे ‘नाही’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत, नाहीतर शेवटी डीएनएस. माझ्या मते लोकल नेटवर्कवर अडलेल्या माणसाने सगळ्यात आधी वाचावी अशी ही एक ओळ आहे. लॅपटॉपचा नावांबद्दलचा सगळा स्वभाव तिच्यात आहे.

दुसऱ्या लॅपटॉपवर, जो लगेच नकार देत होता, ती ओळ उघडली तर फक्त फाईल्स आणि डीएनएस. एमडीएनएसचा उल्लेखच नाही. लिनक्स बसवताना कमीत कमी गोष्टी बसवलेल्या, त्यात तो दुवा राहून गेला होता. अवाही चालू होता. खोलीत काय बोललं जातंय ते त्याला ऐकू येत होतं, पण त्याला विचारा असं लॅपटॉपला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या राउटरकडे दप्तरच्या नावाची स्वतःची नोंद होती, म्हणून इतके दिवस डीएनएसच्या वाटेने भागत होतं. नवा आला आणि ती नोंद गेली. ‘परवापर्यंत चालत होतं’ हे ताईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं. तक्रार करणाऱ्याच्या अशा वाक्यावर विश्वास ठेवून पुढे जावं, त्यात सहसा कारण दडलेलं असतं.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण यात अनेक हुशार मंडळी अडकताना पाहिली आहेत. नाव तपासायला लोक ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ वापरतात. दोन्ही उत्तम साधनं आहेत, पण ती सरळ डीएनएसच्या वाटेने जातात. एनएसस्विचमधली ओळ ती बघतच नाहीत. ब्राउझर, यंत्र उत्तर देतंय का ते पाहणारा पिंग, प्रिंटर हे सगळे सहसा ज्या वाटेने जातात ती वाट ‘गेटएन्ट’ दाखवतो. त्यामुळे डिग म्हणतो नाव नाही आणि पिंग मात्र चालतो, किंवा याच्या उलट. दोघंही खरं बोलत असतात, वेगवेगळ्या माणसांना विचारून आलेले असतात एवढंच. हल्लीच्या बऱ्याच लिनक्सवर यात आणखी एक पदर असतो. डीएनएस सर्व्हरचा पत्ता पाहायला जावं तर १२७.०.०.५३ दिसतो. तो पत्ता लॅपटॉपचा स्वतःचाच आहे. तिथे सिस्टिमडी-रिझॉल्व्हड नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो, जो होस्ट्स फाईलही वाचतो, मिळालेली उत्तरं लक्षातही ठेवतो आणि कोणत्या जोडणीवरून कोणत्या सर्व्हरला विचारायचं हेही ठरवतो. तो खरोखर कुणाकडे जातोय हे ‘रिझॉल्व्ह-सीटीएल स्टेटस’ या कमांडने कळतं. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर हे पाहणं फारच गरजेचं, कारण तेव्हा सगळे प्रश्न ऑफिसच्या सर्व्हरकडे जाऊ शकतात आणि त्या बिचाऱ्याला तुमच्या घरचा प्रिंटर कसा माहीत असणार?

आता एमडीएनएसबद्दल थोडं सविस्तर, कारण इतकी सुंदर रचना नेटवर्किंगमध्ये फार थोडी आहे. स्टुअर्ट चेशायर आणि मार्क क्रोखमल यांनी लिहिलेले तिचे नियम २०१३ साली आरएफसी या इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेत ६७६२ क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याआधी बरीच वर्षं ॲपलच्या यंत्रांवर ती बोंजूर या नावाने चालत होती, आणि लिनक्सवर तेच काम अवाही करतो. इथे यादी नाही, यादी सांभाळणारा नाही. जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहून ‘कुलकर्णी कुठे राहतात हो?’ असं मोठ्याने विचारावं आणि वरच्या मजल्यावरून खुद्द कुलकर्ण्यांनीच ‘इथे, या वर!’ म्हणावं, तसं आहे. लॅपटॉप २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर, साऱ्या खोलीला एकदम विचारतो, दप्तर डॉट लोकल कोण? दप्तर स्वतः उत्तर देतो.

नाव घेण्याची रीतही तितकीच चांगली. यंत्र चालू झालं की ते आपलं नाव लगेच सांगत सुटत नाही. आधी पाव-पाव सेकंदाच्या अंतराने तीनदा विचारतं, हे नाव कुणी घेतलंय का? कुणी हो म्हणालं नाही तरच ते आपलं म्हणून जाहीर करतं. कुणी आधीच घेतलं असेल तर वाद न घालता स्वतःच्या नावापुढे आकडा जोडतं. म्हणूनच कधी एखादं यंत्र अचानक ‘दप्तर-२’ म्हणून दिसू लागतं. असं झालं तर पहिला दप्तर कोण याचा शोध घ्यावा. अनेकदा ते दुसरं यंत्र नसतंच, एकच यंत्र केबल आणि वायफाय अशा दोन वाटांनी जोडलेलं असतं आणि स्वतःचाच आवाज ऐकून बिचकतं. पत्त्याची नोंदही शिफारशीप्रमाणे १२० सेकंदच लक्षात ठेवायची, म्हणजे यंत्राचा पत्ता बदलला तर जुना फार काळ अंगाला चिकटून राहत नाही. आणि व्यवस्थित बंद होणारं यंत्र जाताना ‘मी निघालो’ असं कळवूनही जातं.

हे सगळं हाकेवर चालतं, म्हणून हाक जिथवर पोचते तिथवरच चालतं. राउटरच्या पलीकडच्या दुसऱ्या नेटवर्कवर ती जात नाही. लॅपटॉपच्या फायरवॉलने ५३५३ पोर्ट बंद ठेवला असेल तर ऐकू येत नाही. आणि वायफायवर तिची आणखी एक अडचण आहे. एकाला उद्देशून पाठवलेला डेटा पोचला की पोचपावती येते, नाही आली तर तो पुन्हा पाठवला जातो. सगळ्यांना उद्देशून राउटरने हवेत सोडलेल्या डेटाला पोचपावती नसते. गर्दीच्या वायफायवर हाक विरून गेली तर गेली. ‘कधी सापडतं, कधी नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. दप्तर केबलने राउटरला जोडला तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

विंडोजची गोष्ट थोडक्यात. तिथे जुनी नेटबायोसची नावं, जी १५ अक्षरांपर्यंतच असतात, मग एलएलएमएनआर नावाची खोलीत विचारण्याची वेगळी पद्धत, आणि विंडोज १० पासून एमडीएनएसही. विचारणारे इतके की कुणी उत्तर दिलं ते कळायला जास्त वेळ लागतो. वाचनालयात मी विंडोजच्या लॅपटॉपवरही पूर्ण नाव, डॉट लोकलसकट, लिहायला सांगतो. त्याने बराचसा गोंधळ टळतो.

पूर्ण नाव लिहिण्याचं दुसरंही कारण आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत नुसतं ‘दप्तर’ लिहिलं तर ब्राउझर तो शोधायचा शब्द समजून सर्च इंजिनकडे पाठवतो. म्हणजे खोलीतल्या यंत्राचं नाव खोलीबाहेर जातं. डीएनएसमध्येही हेच घडतं. घरांतली, कार्यालयांतली मनाने ठेवलेली नावं चुकून बाहेर विचारली जातात आणि थेट डीएनएसच्या शिखरावरच्या रूट सर्व्हरपर्यंत पोचतात. हे इतकं होत होतं की इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१८ साली डॉट होम, डॉट कॉर्प आणि डॉट मेल ही पत्त्याच्या शेवटी येणारी तीन नावं कुणालाच न देण्याचं ठरवलं. ती दिली असती तर कितीतरी घरांचे, कंपन्यांचे खाजगी प्रश्न भलत्याच सर्व्हरकडे गेले असते. त्याच वर्षी घरगुती नेटवर्कसाठी ‘होम डॉट आर्पा’ राखून ठेवलं गेलं, आणि २०२४ मध्ये आयकॅनने खाजगी वापरासाठी ‘डॉट इंटर्नल’ कायमचं बाजूला काढलं. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं माझं मत आहे. माणसं घरातल्या यंत्रांना नावं ठेवणारच. ती ठेवायला सुरक्षित जागा देणं हे नियम करणाऱ्यांचं काम होतं. आता जागा आहे, तर वापरावी. डॉट लोकल मात्र एमडीएनएससाठीच सोडावं. ज्या कार्यालयांनी पूर्वी आपल्या डीएनएस सर्व्हरवर डॉट लोकलची नावं ठेवली, तिथे लॅपटॉप खोलीत हाक मारावी की सर्व्हरला विचारावं या पेचात सापडतात, आणि निस्तरावं लागतं ते तिथल्या संगणक विभागाला.

वाचनालयात शेवटी काय केलं? नव्या राउटरमध्ये दप्तरच्या मॅक ॲड्रेससमोर, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकासमोर, कायमचा आयपी पत्ता राखून ठेवला. सगळ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फायली तपासल्या, जुन्या ओळी काढल्या. ज्या लॅपटॉपवर एमडीएनएसचा दुवा नव्हता तिथे तो बसवला. होस्ट्स फाईलला माझा विरोध नाही. एकट्याच्या लॅपटॉपवर काही तपासून पाहायला ती फार उपयोगी आहे. पण जे नाव सगळ्यांनी वापरायचं ते प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळं लिहून ठेवू नये. यंत्राचा पत्ता एका ठिकाणी बदलतो आणि ते खिसे शोधत बसावं लागतं.

ताईंनी हे सगळं शेजारी बसून पाहिलं, वहीत लिहूनही घेतलं. मग त्यांनी विचारलं, “दादा, नाव मराठीत नाही का लिहिता येणार? येणाऱ्या आजोबांना इंग्रजी अक्षरं शोधायला वेळ लागतो.”

प्रश्न अगदी योग्य होता. यंत्रांच्या नावांसाठी १९८५ च्या नियमांनी रोमन अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच ठेवलं, आणि तो साचा अजून बराचसा टिकून आहे. इंटरनेटवर डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत आलं, पण आतल्या आत ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलूनच फिरतं. एमडीएनएसने मात्र हे बंधन ठेवलं नाही. तिथे नावं सरळ यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, जातात. यंत्राचं स्वतःचं नाव मी तरीही रोमनच ठेवतो, कारण सगळ्याच प्रोग्रॅमना देवनागरी होस्टनेम पचत नाही. पण यंत्र जी सेवा जाहीर करतं, म्हणजे प्रिंटर किंवा सामायिक फोल्डर, तिचं नाव माणसांनी वाचायसाठीच असतं आणि ते मराठीत बिनधास्त देता येतं. मर्यादा एकच, ६३ बाइट. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, काना, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे तीन, आणि रिकामी जागा एक.

अवाहीच्या सेवेच्या फाईलमध्ये ताईंनी स्वतः टाइप केलं, ‘वाचनालय: जुने दिवाळी अंक’. मोजलं तर ६४ भरले. त्यांनी विसर्गासारखी दिसणारी ती दोन टिंबं काढून टाकली. नेमके ६३. सेवा पुन्हा सुरू केली आणि टेबलावरच्या लॅपटॉपवर फाईल मॅनेजरमधली नेटवर्कची यादी उघडली. तिथे ते फोल्डर मराठीत आलं होतं. आजोबांना आता काही टाइप करायचं नव्हतं, त्या नावावर माउस नेऊन दोनदा टिचकी मारायची होती. ताईंनी लगेच प्रिंटरचंही नाव बदलायला घेतलं.